सात ढगांचं प्रकरण

ए-3 कार्ट्रिज कागद, आडवा धरलेला. पेन्सिलकाम. खालचा अर्धा भाग बघतानाच मी मनातल्या मनात शाबासकी देऊन टाकली होती. माळरानातून आत जाणारी पायवाट, तिच्या कडेने कुंपणाचे खांब, डावीकडे एक डेरेदार झाड आणि लांब क्षितिजाला टेकलेली झाडोऱ्याची काळसर पट्टी. खांब लांब जाताना बुटके होत होतेच, पण त्यांच्यामधली अंतरंही अशा शिस्तीत घटत होती की नवशिक्याच्या कामात सहसा दिसत नाही.

"काका, मोजून काढलंत का हे?"

"मोजायला कशाला हवं मॅडम? जन्मभर तेच केलंय."

काका निवृत्त सर्व्हेअर. वयाच्या 62व्या वर्षी चित्र काढायला शिकायचं म्हणून आले. जमीन त्यांना तळहातासारखी कळते. मग माझी नजर क्षितिजाच्या वर गेली. तिथे सात ढग होते. सातही गुबगुबीत, सातही अंगापिंडाने सारखे, प्रत्येकाभोवती एचबी पेन्सिलची सुबक रेघ आणि ढगांच्या मधल्या आभाळाला एकसारखा करडा रंग.

"डकवल्यासारखे दिसतात ना?" काका स्वतःच म्हणाले. "खाली उभं राहावंसं वाटतं, वर मात्र नाटकाचा पडदा लावलाय."

तक्रार इतकी नेमकी मांडणारा विद्यार्थी क्वचित मिळतो. या एका चित्रावर आम्ही पुढे जवळपास दोन महिने घालवले. त्यात काय चुकलं, कुठे उमगलं आणि शेवटपर्यंत काय जमलं नाही, ते लिहून ठेवते आहे.

आधी माझी चूक

ढगांभोवतीची रेघ माझ्या डोळ्यांत खुपली आणि चित्रकलेच्या वर्गात जे सगळेच सांगतात तेच मी सांगून टाकलं: कडा मऊ करा. काका प्रामाणिक माणूस. आठवड्याने चित्र परत आलं तेव्हा त्यांनी कागदी स्टंपने, म्हणजे छटा पसरवायच्या कागदाच्या कांडीने, एकेक ढग मनापासून घासलेला होता. रेघा गेल्या, पण डकवलेपणा गेला नाही. आधी उशा डकवल्या होत्या, आता कापसाचे बोळे डकवलेले होते.

शिवाय कागद गेला. स्टंप ग्रॅफाइटची पूड कागदाच्या दाण्यांत ठासून बसवतो. दाणे एकदा भरले की तिथे पेन्सिल नवा थर धरत नाही, रबर पूर्ण उचलत नाही, आणि कागद तिरपा धरला की तो भाग चकाकतो. आभाळाला चकाकी आली की संपलं. ते पत्र्याचं दिसायला लागतं. म्हणजे मी सांगितलेल्या उपायाने मूळ दुखणं तसंच राहिलं आणि दुरुस्तीची जागाही हातची गेली. ढगाच्या कडेबद्दल बोलण्याआधी हा ढग कुठे आहे, किती लांब आहे, आपल्याला त्याची कुठली बाजू दिसते आहे, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. जमिनीवर कोरा कागद ठेवून ती झाकली आणि चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. उलट्या चित्रात ढग 'ढग' राहत नाहीत, नुसते आकार उरतात. मग ज्या गोष्टी दहा मिनिटं समोर असून दिसल्या नव्हत्या त्या दिसायला लागल्या. सगळ्या ढगांची रुंदी पट्टीने मोजली तर साडेपाच ते सहा सेंटिमीटर. सगळे अगदी समोरून, कडेने पाहिल्यासारखे. एकाही ढगाचा तळ दिसत नव्हता. खालच्या कडासुद्धा वरच्यासारख्याच गोलगोल, म्हणजे ढग उलटा काय, सुलटा काय, फरक पडत नव्हता. एका ठिकाणी तर पिसासारखे पांढरे फराटे एका गुबगुबीत ढगाच्या पुढून गेले होते.

आणि सावली! ढगांच्या डाव्या अंगाला गडद छटा होती. चित्र सुलटं करून जमिनीवरचा कागद काढला तर झाडाची सावली उजवीकडे पडलेली.

"काका, हे ढग कुठले?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. "मोबाइलमधले."

हळूहळू सगळं बाहेर आलं. जमीन त्यांनी जागेवर बसून काढली होती, दोन दिवस, दुपारी चारच्या सुमारास, उत्तरेकडे तोंड करून. सूर्य डावीकडे, म्हणून सावल्या उजवीकडे. त्या दोन्ही दिवशी आभाळात काही खास नव्हतं, म्हणून वरची जागा कोरी सोडली. नंतर घरी बसून एका सकाळी काढलेल्या फोटोतले ढग तिथे घातले. तोंड उत्तरेलाच होतं, पण सकाळचा सूर्य उजवीकडे असणार. म्हणजे जमिनीवर कलती दुपार आणि आभाळात सकाळ. पिसासारखे फराटे आणखी तिसऱ्याच फोटोतले. पाहणाऱ्याला हे असं फोडून सांगता येत नाही, पण काहीतरी जुळत नाही हे त्याचा डोळा लगेच ओळखतो.

फोटोची आणखी एक अडचण असते. जमीन नीट दिसावी म्हणून फोन उजेड वाढवतो आणि ढगांची उजळ अंगं पांढरीफटक होतात. त्यातले बारीक चढउतार फोटोत उरतच नाहीत. काकांनी त्या कोऱ्या जागा अंदाजाने भरल्या, आणि ढग अंदाजाने काढायला घेतला की प्रत्येकाच्या हातून उशीच उतरते. माझ्याही.

छत

काकांना जे पटलं ते चित्रकलेच्या भाषेत पटलं नाही, मोजणीच्या भाषेत पटलं.

मी एवढंच सांगितलं होतं की राशी ढगांचे, म्हणजे क्युम्युलसचे, तळ सपाट असतात आणि साधारण एकाच पातळीत असतात. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, चढताना थंड होते, आणि एका ठरावीक उंचीला तिच्यातल्या बाष्पाचे थेंब व्हायला लागतात. आसपासची हवा सारखीच असल्यामुळे ती उंचीही सगळ्यांना जवळपास सारखीच. वरचे डोलारे कसेही वाढोत, पाया एका पातळीत. तेव्हा आभाळ हा समोर टांगलेला पडदा नाही. डोक्यावरून सुरू होऊन क्षितिजापर्यंत गेलेलं ते छत आहे, आणि ढगांचे तळ त्या छताला लागलेले आहेत.

"उंची किती धरायची?"

"धरा एक किलोमीटर. कमीजास्त असते, पण हिशेबाला बरं."

काकांनी कागद ओढला. "कोन सांगा, अंतर मी काढतो."

क्षितिजापासून 45 अंशांवर तळ दिसत असेल तर तो ढग 1 किलोमीटर पुढे. 30 अंशांवर 1.7 किलोमीटर. 10 अंशांवर, म्हणजे हात ताठ करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, 5.7 किलोमीटर. 5 अंशांवर 11.4. आणि 3 अंशांवर, म्हणजे जेमतेम दोन बोटांच्या जागेत, 19 किलोमीटर. डोक्यावरून निघून निम्मं आभाळ उतरलं तरी आपण एकच किलोमीटर पुढे आलेलो असतो आणि शेवटच्या एका मुठीत मैलोन्‌मैल कोंबलेले असतात. आकडे लिहून झाल्यावर काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. कुंपणाच्या खांबांचं गणित उलटं करून वर टांगलं होतं, आणि ते त्यांना आयुष्यभर येत होतं.

मग कागदावरचा हिशेब. चित्रात क्षितिजापासून वरच्या कडेपर्यंत 15 सेंटिमीटर होते आणि जागेवर त्यांनी तेवढ्या भागात साधारण तीन मुठी, म्हणजे 30 अंश, घेतले होते. त्यावरून एक सोपा नियम निघाला, जो मी इतकी वर्षं शिकवूनही इतक्या स्वच्छपणे कधी मांडला नव्हता: तळाची क्षितिजापासूनची उंची निम्मी झाली की ढग दुप्पट लांब गेला, आणि म्हणून त्याची रुंदीही निम्मी व्हायला हवी. 12 सेंटिमीटरवर 6 सेंटिमीटर रुंद असलेला ढग 6 सेंटिमीटरवर 3 होणार, 3 सेंटिमीटरवर दीड.

काकांच्या चित्रात सगळ्यांत वरचा ढग 12 सेंटिमीटरवर 6 रुंद होता आणि सगळ्यांत खालचा 3 सेंटिमीटरवर, तोही 6 रुंद.

"वरचा अर्धा किलोमीटर रुंद निघतो," काका आकडेमोड करत म्हणाले, "आणि खालचा दोन. त्याने चौपट जागा बळकावलीय."

खऱ्या आभाळात लहानमोठे ढग असतातच, हे मी सांगितलं. कुठल्याही एका ढगाला हा नियम लावून दोषी ठरवता येत नाही. पण सातच्या सात ढग नेमके लांब जाईल तसे मोठे होत गेलेत, हा योगायोग कुणाच्या डोळ्याला पटत नाही. डोळा मग सोपा निष्कर्ष काढतो: हे सगळे एकाच अंतरावर आहेत. म्हणजे पडदा.

तळाचंही तसंच. अर्धा किलोमीटर खोल असलेल्या ढगाचा तळ कागदावर 15 सेंटिमीटरच्या उंचीला असेल तर त्याची खालची बाजू तीन सेंटिमीटरहून जास्त जागा घेते. तोच ढग पावणेचार सेंटिमीटरवर आला की ती बाजू अडीच मिलिमीटरची पट्टी होते. वरच्या ढगांचं पोट दिसतं, खालच्या ढगांची नुसती बाजू दिसते. खाली ढगांमधल्या फटीही दिसेनाशा होतात, कारण पुढच्या ढगाचा डोलारा मागची मोकळी जागा झाकतो. क्षितिजाजवळ आभाळ नेहमी जास्त भरलेलं दिसतं ते म्हणून. सगळ्या ढगांना एकसारखी मोकळी जागा देण्याची वृत्ती नवशिक्यात फार असते. शिस्त म्हणून ठीक, आभाळ म्हणून खोटं.

पांढरा किती पांढरा

यानंतर छटा. इथे काकांचा हात कमी आणि डोळा जास्त बदलावा लागला.

जुन्या चित्रात ढग कागदासारखे पांढरे होते आणि पायवाटही कागदासारखीच पांढरी. मी एका जाड पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडून दिलं. बाहेर जाऊन त्यातून आधी ढगाचं उजळ अंग बघायचं, मग लगेच उन्हातली वाट. आजूबाजूचं काही दिसत नसल्यामुळे तुलना चोख होते. वाट बरीच काळी निघते. जमिनीवर जो उजेड आहे तो आभाळातूनच आलेला आहे. देणाऱ्यापेक्षा घेणारा उजळ दिसण्याचे प्रसंग थोडेच. (बर्फ पडलेला असेल तर गोष्ट वेगळी.) काकांनी वाटेवर 2 एचचा, म्हणजे फिकट उमटणाऱ्या कडक पेन्सिलचा, एक पातळ थर दिला आणि त्याच क्षणी आभाळ उजळलं, आभाळाला हात न लावता.

उलटी चूक तळांच्या बाबतीत होते. ढगाचा तळ 'काळा' असतो असं आपण म्हणतो आणि 6 बी, म्हणजे गडद उमटणारी मऊ पेन्सिल, उचलतो. त्यासाठी दुसरी चाचणी: पेन्सिलचं काळं टोक हात लांब करून त्या तळासमोर धरायचं. पावसाळी ढग सोडले तर तळ त्या टोकापुढे चक्क फिकट दिसतो. ढग म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढे असंख्य थेंब. वरून आलेला उजेड त्यांच्यावर आपटून पुन्हा पुन्हा परत फिरतो, म्हणून माथा लख्ख. खालपर्यंत थोडाच झिरपतो, म्हणून तळ मळकट. त्यात जमिनीवरून परतलेला उजेडही त्या पोटाला थोडा लागतोच. आमच्या चित्रात झाडाच्या बुंध्याला जी छटा होती तिच्या निम्म्यापर्यंतही कुठला तळ जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं.

मोकळ्या आभाळाचा एकसारखा करडाही गेला. निळं आभाळ वर गडद असतं आणि क्षितिजाकडे उतरताना फिकट होत जातं, कारण खाली आपली नजर हवेच्या कितीतरी जाड थरातून जाते आणि त्या थरात सगळेच रंग विखरून मिसळतात. हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी गोष्ट कमी जण बघतात: आभाळ आडवंही बदलतं. सूर्य डावीकडे असेल तर डावी बाजू उजळ. काकांनी ती छटा तिरकी उतरवली, उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या क्षितिजाकडे, आणि एकही ढग नसताना त्या आभाळाला ऊन लागलं.

कडेकडे पुन्हा

आता कुठे मी आठ आठवड्यांपूर्वी घाईने उच्चारलेल्या त्या शब्दाकडे परत येते.

एका दुपारी आम्ही दोघांनी एकच ढग वीस मिनिटं पाहिला, म्हणजे तो टिकला तोवर. त्याचं डावं, उन्हातलं अंग मागच्या निळ्यापेक्षा उजळ होतं आणि तिथली कड इतकी कोरीव की कात्रीने कापल्यासारखी. माथ्यावर नवे फुगे येत होते तिथेही तीच धार. उजव्या, सावलीतल्या अंगाची छटा मात्र मागच्या निळ्याशी जवळजवळ जुळत होती. तिथे कड नव्हतीच. ढग कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं हे डोळे बारीक केल्यावर सांगता येईना. थोडं खाली सावली आणखी गडद झाली आणि कड परत आली, या वेळी उलट्या बाजूने: ढग काळा, आभाळ फिकट. एका ढगाभोवती फिरताना कड उजळ होते, हरवते, काळी होते आणि शेवटी तळाशी चिंध्यांसारखी विरते. सगळीकडून रेघ काढणं जेवढं चूक, तेवढंच सगळीकडून घासणं. मी सांगितलेल्या 'मऊ करा'मध्ये 'कुठे' हा शब्दच नव्हता.

पिसासारख्या फराट्यांचा निकालही तिथेच लागला. ते तंतू ढग, सिरस. बर्फाच्या कणांचे, साधारण 6 किलोमीटरच्या वरचे. आमच्या राशी ढगांचा तळ एक किलोमीटरवर. तंतू ढग दिसलेच तर फटीतून, मागे. पुढून जाणं शक्य नाही.

ढगांची ही नावं देणारा माणूस चित्रकार नव्हता की शास्त्रज्ञ म्हणून नावाजलेलाही नव्हता. ल्यूक हॉवर्ड हा लंडनमधला औषधं बनवणारा. त्याने 1802 मध्ये एका छोट्या मंडळासमोर व्याख्यान दिलं आणि सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस हे प्रकार मांडले. चित्र काढणाऱ्याला नावं पाठ असण्याची गरज नाही, पण प्रकार ओळखता यायला हवा, कारण प्रकार कळला की उंची कळते, आणि उंची कळली की कोण कुणाच्या मागे ते ठरतं. काकांना मात्र हॉवर्डपेक्षा जॉन कॉन्स्टेबल जास्त भावला. या इंग्रज चित्रकाराने 1821 आणि 1822 या दोन वर्षांत हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून आभाळाचे ढीगभर अभ्यास केले. 1822 मधले पन्नासेक आहेत असं त्याने स्वतः मित्राला कळवलं होतं. बऱ्याच कागदांच्या मागे तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहतो याची नोंद आहे. आभाळ म्हणजे वस्तूंच्या मागे लावलेली पांढरी चादर समज, असा सल्ला त्याला अनेकदा मिळाला होता आणि तो त्याला अजिबात मान्य नव्हता.

"नोंदवही ठेवायचा म्हणजे," काका म्हणाले. त्यांच्या लेखी यापेक्षा मोठी पावती नाही.

पोस्टकार्डाएवढे कागद

पुढचे तीन आठवडे काकांनी मूळ चित्र बाजूला ठेवलं. पोस्टकार्डाच्या मापाचे कागद कापून घेतले आणि रोज चारच्या सुमारास पंधरा मिनिटांत एक आभाळ. मागे वेळ, दिशा, वारा. एकूण 19 झाले.

पहिले पाच-सहा वाया गेले, आणि कारण शिकण्यासारखं आहे. काका माथ्यापासून सुरुवात करायचे. पाच मिनिटांनी वर बघायचे तर तो माथा गेलेला, मग नवा माथा जोडायचे. कागदावर तयार व्हायचा तो असा ढग जो कुठल्याच क्षणी आभाळात नव्हता. क्रम बदलला: पहिल्या मिनिटात फक्त क्षितिज आणि तळांच्या आडव्या खुणा, दुसऱ्यात उजेड कुठून येतो त्याचा बाण आणि सावलीचा एक सपाट थर, सगळ्या ढगांना एकदम. इथवर आलं की मूळ ढग विरला तरी बिघडत नाही. उरलेला वेळ तिथल्याच दुसऱ्या ढगाकडे बघून कडा पक्क्या करायच्या, कारण शेजारचा ढगही त्याच उजेडात, त्याच छताला लागलेला असतो. नवव्या कागदावर पहिल्यांदा आभाळ मागे गेलं. त्यात तीनच ढग आहेत आणि एकाचा आकार बटाट्यासारखा आहे, पण ते मागे जातं.

पेन्सिल सुटली तीही याच काळात. मोठ्या आभाळाला पेन्सिलचं टोक फार छोटं पडतं. हात रेघा ओढत राहतो आणि डोळ्यांना कंटाळा येतो. आम्ही चारकोलवर, म्हणजे चित्रं काढायच्या कोळशावर, आलो. काडी आडवी धरून थर द्यायचा, मऊ कापडाने हलकेच पसरवायचा आणि पुट्टी रबर चिमटीत टोकदार करून उजेड उचलायचा. ढग काढायचा नाही, आभाळातून उकरून काढायचा. चारकोल कागदावर सैल बसतो, त्यामुळे चूक पुसता येते. फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर पक्का करणारा फवारा, मात्र अगदी शेवटी. एकदा फवारला की रबराचं राज्य संपलं. काकांनी एकदा उत्साहाच्या भरात मधेच फवारला आणि दोन ढग कायमचे मळकट राहिले.

दुसरं चित्र

नवा ए-3 कागद, तीच जागा, तीच वेळ. एक बदल मी सुचवला: क्षितिज मधोमध नको, खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणूया. चित्र अर्धं-अर्धं वाटलं की जमीन आणि आभाळ भांडत बसतात. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी, विशेषतः याकोब व्हान राउसडालने, क्षितिज खाली ओढून दोन तृतीयांश आभाळ दिलं ते उगीच नाही. सपाट मुलखात सगळ्यांत मोठी गोष्ट वरच असते. काकांनी कुंपणाचे चार खांब गमावल्याचं थोडं वाईट वाटून घेतलं आणि मान्य केलं.

ढग किती? मी चार म्हटलं. काका अडून बसले. "सातच. नाहीतर आधीच्याशी ताडून कसं बघणार?"

सात झाले. वरचा एक इतका जवळचा की त्याचा माथा कागदाबाहेर गेला आणि आत फक्त मळकट पोट उरलं. ते मला धाडसाचं वाटलं; त्यांना साहजिक वाटलं, कारण हिशेबात तसंच येत होतं. खालचे तीन एकमेकांवर चढलेले, तळाच्या जागी नुसत्या पट्ट्या, छटांमधला फरकही कमी, कारण मधे एवढी हवा आहे. डावी अंगं उजळ, झाडाची सावली उजवीकडे. कागदाचा कोरा पांढरा पूर्ण चित्रात दोनच ठिकाणी.

सगळं जमलं असं नाही. मधल्या ढगाच्या माथ्यावर काकांनी तीन फुगे जवळपास सारख्याच मापाचे काढले आहेत. हात सवयीवर गेला. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात चारकोलचा थर ढगाळ नाही, नुसता धुळकट वाटतो. आणि झाड आता थोडं जड पडतं, कारण मागचं आभाळ उजळलं पण झाडाच्या पानांत आभाळ दिसणाऱ्या फटी काकांनी ठेवल्या नाहीत. त्यावर अजून आमचं एकमत नाही.

चित्र संपत आलं तेव्हा मी म्हटलं, जमिनीवर एका ढगाची सावली टाका, वरचं आणि खालचं बांधलं जाईल. हे मी सगळ्यांनाच सांगते. लोक मग ढगाच्या बरोबर खाली एक काळा डाग घालतात आणि तो चालूनही जातो.

काका थांबले. पेन मागितलं.

सूर्य साधारण 30 अंशांवर. ढग एक किलोमीटर उंचीवर. म्हणजे सावली ढगाच्या खाली नाही, 1.7 किलोमीटर उजवीकडे. आणि चित्रातला सगळ्यांत जवळचा ढगही दीडेक किलोमीटर पुढे. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून तेवढ्या लांबची सपाट जमीन क्षितिजाच्या रेघेला चिकटलेली दिसते. तेव्हा या सातांपैकी ज्यांच्या सावल्या चित्रात पडतील त्या सगळ्या त्या लांबच्या झाडोऱ्याजवळ, केसाएवढ्या पट्टीत.

"मग कुंपणावर सावली कुणाची टाकू?"

मला उत्तर येत नव्हतं. काकांनी कागदाच्या डाव्या कडेबाहेर, टेबलाच्या लाकडावर बोट टेकवलं, तिथून थोडं आणखी डावीकडे सरकवलं. "याची," म्हणाले. "इथला. तो चित्रात नाहीये."

मग त्यांनी चारकोल आडवा धरून तिसऱ्या आणि पाचव्या खांबाच्या मधे, वाटेला ओलांडून जाणारी एक पातळ सावली टाकली.